शनिवारचा पांढरा गणवेश : एका शाळेच्या पी.टी.च्या तासासाठी विधिमंडळापर्यंत केलेला पाठपुरावा

हे प्रकरण पुण्याच्या दक्षिण भागातल्या एका खासगी अनुदानित मराठी शाळेचं आहे. शाळा, संस्था, पालक आणि लोकप्रतिनिधी यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी स्वतः शहरातल्या दुसऱ्या एका शाळेतून निवृत्त झालेली शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. या पाठपुराव्यात सुरुवातीपासून होते, त्यामुळे हे लेखन तटस्थ माणसाचं नाही.

पार्श्वभूमी

जुलै २०२२. माझ्या खो-खोच्या वर्गाला येणाऱ्या एका मुलीची आई सहज म्हणाली, "बाई, हिचा शनिवारचा पांढरा गणवेश मळतच नाही हो. पावसाळ्यात पांढरे कपडे मळत नाहीत म्हणजे काय?"

मुलगी सातवीत होती. शनिवारी पांढरा गणवेश आणि पांढरे बूट घालायचे, पण मैदानावर जायचं नाही. तो तास कधी गणिताला जायचा, कधी राहिलेला विज्ञानाचा धडा पुरा करायला, कधी वह्या तपासायला. शाळेतले शारीरिक शिक्षणाचे सर करोनाच्या आधीच निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी कोणी आलं नव्हतं आणि तास कागदोपत्री भूगोलाच्या बाईंच्या नावावर होता. त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्याकडे आधीच पूर्ण वेळापत्रक होतं आणि शारीरिक शिक्षणाचं प्रशिक्षण नव्हतं.

दोन वर्षं बहुतांशी घरात बसून मुलं जूनमध्ये नियमित शाळेत परतली होती. माझ्या वर्गाला येणाऱ्या सहावी-सातवीच्या मुलांत मला जे दिसत होतं ते मी नोकरीच्या इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. पाटीवरून, म्हणजे खो-खोत बसायच्या जागेवरून, उठून पळताना जमिनीला हात टेकवावा लागत होता. खांबाला वळसा घालताना तोल जात होता. एका पाठलागात धाप लागून मुलं खाली बसत होती. हे आजार नव्हेत. शरीराला सवयच राहिली नव्हती आणि ती सवय परत लावायची सर्वांत सोपी जागा शाळा होती.

मैदानाचीही अवस्था बिकट होती. खो-खोला २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद एवढी जागा लागते. या शाळेकडे त्याहून मोठं मैदान होतं, पण एका बाजूला गाड्या लागत आणि उरलेला भाग संस्था लग्नकार्यांना भाड्याने देई. मंडप निघाला की खड्डे आणि खिळे मागे राहत. खो-खोचे पहिले लिखित नियम १९१४ मध्ये ज्या शहरातल्या डेक्कन जिमखान्यावर तयार झाले, त्याच शहरात मुलांना अनवाणी पळायला बिनखिळ्याची जमीन मिळू नये, हे मला फार लागलं.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या बैठकीला अकरा पालक आले. प्रत्येकाची तक्रार वेगळी. तास होत नाही, शिक्षक नाही, मैदान नाही, मुलींचं स्वच्छतागृह तासाच्या वेळी कुलूपबंद असतं, दप्तर जड, डब्यात वडापाव. आम्ही सगळं एका कागदावर लिहिलं आणि त्याला 'निवेदन' म्हटलं. पुढची बरीच वणवण त्या एका कागदामुळे झाली.

आज मागे वळून पाहताना दिसतं की तिथे तीन वेगळ्या अडचणी होत्या आणि तिन्हींचे धनी वेगळे होते. वेळापत्रकातला तास वाचवणं मुख्याध्यापकांच्या हातात. मैदान संस्थेच्या ताब्यात. शिक्षकाचं पद मात्र संच मान्यतेवर, म्हणजे पटसंख्येनुसार शासन किती पदं मंजूर करतं त्यावर अवलंबून. पुण्यात शिक्षण आयुक्तालय आहे, कुमठेकर रस्त्यावर एससीईआरटी, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, आहे, बालेवाडीला क्रीडा व युवक सेवा संचालनालय आहे. कागद घेऊन जायला सगळं जवळ. पण पदांचे निकष ठरतात मुंबईत, मंत्रालयात. म्हणून आमदारांकडे जायचं ठरलं. एरवी पुण्यातले पालक आधी नगरसेवक गाठतात, पण महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती, निवडणूक झाली नव्हती आणि ते दार बंद होतं.

समोरचे पर्याय

न्यायालयात जनहित याचिका करावी, असं एका वकील पालकांचं म्हणणं होतं. कायदा आपल्या बाजूने आहे, हे त्यांचं बरोबरच होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान हवं असं लिहिलं आहे आणि जुन्या शाळांना त्यासाठी दिलेली तीन वर्षांची मुदत ३१ मार्च २०१३ लाच संपली होती. पण याचिकेत पालकाचं नाव लागतं आणि त्याचं मूल त्याच शाळेत रोज जातं. कोणी पुढे आलं नाही आणि मीही आग्रह धरला नाही. (मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या भगवानपूर या गावच्या खटल्यात मैदानाशिवाय शाळा असू शकत नाही असं म्हटलं आणि शाळेसाठी राखलेल्या जागेवरचं अतिक्रमण काढायला लावलं. तो निकाल आमच्याकडे आधी असता तर कदाचित वेगळा विचार झाला असता.)

वर्तमानपत्रात बातमी द्यायचा पर्याय होता. त्याला मी नकार दिला, कारण बातमी आली की संस्था भिंत उभी करते. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करायचा पर्याय होता. कायद्याप्रमाणे त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आम्ही तो पर्याय कमकुवत समजून बाजूला ठेवला. ती चूक होती, तिच्याकडे पुढे येते.

पहिला निर्णय : पुरावा कसा गोळा करायचा

तास होत नाहीत हे सिद्ध कसं करायचं? एका वडिलांनी सुचवलं की मुलांनीच वहीत लिहावं : तारीख, तास कितवा, मैदानावर गेलो का, नसल्यास काय शिकवलं. सातवीतल्या चार मुलांनी ऑगस्टभर अशी वही ठेवली. वही चोख होती. पण सप्टेंबरात त्यांतल्या एका मुलीची वही एका शिक्षकांच्या हाती लागली आणि तिला वर्गात उभं करून विचारलं गेलं, "हे कोणी लिहायला सांगितलं?" तिने आमच्यापैकी कोणाचंच नाव घेतलं नाही. आठवडाभर ती शाळेत गेली नाही.

आम्ही त्याच दिवशी वह्या बंद केल्या. मोठ्यांच्या भांडणात पुरावा आणायचं काम मुलांवर टाकायला नको होतं, आणि हे मला तरी आधी कळायला हवं होतं, कारण मी शाळा आतून ओळखते. त्या मुलीच्या घरी जाऊन मी तिची माफी मागितली.

त्यानंतर माहिती अधिकाराचा रस्ता धरला. अनुदानित शाळेला तो लागू आहे. तीन गोष्टी मागितल्या : वर्गनिहाय वेळापत्रक, चालू वर्षाची संच मान्यता आणि मैदान भाड्याने दिल्याच्या पावत्यांच्या प्रती. पहिल्या दोन महिन्याभरात मिळाल्या. पावत्यांसाठी पहिलं अपील करावं लागलं. मिळाल्यावर दिसलं की त्यांतल्या अनेक तारखा शाळेच्या कामकाजाच्या दिवसांच्या होत्या. दहा रुपयांच्या अर्जाने जे हाती आलं त्यासाठी मुलांना पणाला लावायची मुळीच गरज नव्हती.

आणखी एक कागद याच काळात सापडला. दरवर्षी शाळा यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत माहिती भरते. त्यात 'मैदान' या रकान्यापुढे 'आहे' असं होतं. मैदान होतंच, त्यामुळे ते खोटं म्हणता येत नव्हतं. त्यावर मुलं खेळतात का, हे मात्र तो रकाना विचारत नाही.

दुसरा निर्णय : आमदारांनी देऊ केलेली व्यायामाची साधनं

डिसेंबर २०२२ मध्ये आमदारांच्या कार्यालयात गेलो. आमचं निवेदन चार पानांचं, मागण्या नऊ. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते दमवणारी हालचाल सुचवते, हे आम्ही पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. आमदार सौजन्याने वागले. त्यांच्या स्वीय सहायकांनी निवेदन चाळलं आणि म्हणाले, "ताई, साहेबांनी यातलं नेमकं काय करायचं?"

या प्रश्नाला आमच्याकडे नऊ उत्तरं होती. आमदारांनी त्यांच्या हातात जे होतं ते लगेच देऊ केलं. स्थानिक विकास निधीतून शाळेच्या आवारात खुली व्यायामशाळा.

घ्यावी की नाही यावर आमच्यात दोन गट पडले. मी 'घ्या' म्हणाले. शाळेत काहीतरी येतंय, सुरुवात होतेय, असं वाटलं. साधनं बसली, फलक लागला, उद्घाटन झालं. साधनं मोठ्या माणसांच्या मापाची. अकरा वर्षांच्या मुलाचे पाय जिथे पोचत नाहीत असं यंत्र त्याला देणं धोक्याचं असतं, हे मी आधीच मोजून सांगायला हवं होतं. शिवाय ती मैदानाच्या ज्या कोपऱ्यात बसली तो कोपराही खेळातून गेला. सर्वांत मोठं नुकसान असं की प्रकरण मिटलं असा सगळ्यांचा समज झाला. पुढे शिक्षकाबद्दल बोलायला गेलं की 'व्यायामशाळा दिली ना' हे उत्तर यायचं. यात जवळजवळ वर्ष गेलं.

तिसरा निर्णय : सभागृहात विचारायचा प्रश्न

या सगळ्या खटपटीत सर्वांत जास्त शिकायला मिळालं ते इथे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या आग्रहावरून २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात एक प्रश्न गेला होता. त्याची भाषा साधारण अशी : शाळांमध्ये शारीरिक शिक्षणाकडे व विद्यार्थ्यांच्या आरोग्याकडे दुर्लक्ष होत आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? लेखी उत्तर आलं. पहिल्या भागाला 'हे खरे नाही', उरलेल्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही'.

मी तो कागद कितीतरी वेळा वाचला. आधी संताप आला. मग लक्षात आलं की आमच्या प्रश्नाला दुसरं उत्तर येणंच शक्य नव्हतं. 'दुर्लक्ष' मोजता येत नाही. कोणीही अधिकारी आपल्या विभागाचं दुर्लक्ष होतंय असं लिहून देणार नाही. आणि पहिल्या भागाला 'नाही' आलं की पुढचे सगळे भाग आपोआप पडतात, कारण ते पहिल्यावर टेकलेले असतात.

२०२३ च्या पावसाळ्यानंतर आम्ही विधान परिषदेच्या एका सदस्यांना भेटलो. परिषदेकडे जाण्यामागे एक हिशेब होता. विधानसभेची मुदत नोव्हेंबर २०२४ मध्ये संपणार होती आणि सभा संपली की तिच्यातलं अपुरं कामकाजही संपतं. परिषद विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. आश्वासन मिळालंच, तर ते टिकेल अशा सभागृहात मिळावं, असं वाटलं.

या वेळी एकच पान नेलं. नऊ मागण्यांतून एक निवडली : शिक्षक. कारण त्या एका गोष्टीबाबत कायद्यात थेट ओळ आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीची पटसंख्या १०० च्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण या विषयांसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, हवेत. शाळेचा पट संच मान्यतेच्या कागदावर छापलेला होता, तो शंभराच्या वर होता आणि निदेशक नव्हता. यात मत कुठेच नाही. दोन आकडे आणि एक रिकामी जागा.

मैदानाचा मुद्दा दुसऱ्या भागात घातला, पण पहिल्यावर टेकवला नाही : कामकाजाच्या दिवशी मैदान भाड्याने दिल्याचं माहिती अधिकारात मिळालेल्या पावत्यांवरून दिसतं, हे खरे आहे काय? ज्या दिवसांच्या पावत्या होत्या त्या तारखा सोबत जोडल्या. ६० मिनिटांचा दाखला काढून टाकला. तो मला आजही मोलाचा वाटतो, पण त्या ६० मिनिटांची जबाबदारी कोणाची, हे कुठे लिहिलेलं नाही. सभागृहात ज्याच्यावर जबाबदारी आहे त्यालाच प्रश्न विचारता येतो.

आमच्या गटात एक सेवेतले शारीरिक शिक्षणाचे सर होते. सगळा अभ्यास त्यांचा, पण ते भेटीला आले नाहीत आणि आम्ही त्यांचं नाव कुठे येऊ दिलं नाही. सेवेतल्या माणसाने लोकप्रतिनिधींकरवी दबाव आणला असं म्हटलं गेलं तर वर्तणूक नियमांवरून त्यांच्यावर बालंट आलं असतं. बोलायला मी होते. निवृत्त माणसाचा हा उपयोग आहे आणि माझ्यासारख्या अनेकांनी तो करून द्यावा असं मला मनापासून वाटतं.

डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात प्रश्न लागला. तोंडी चर्चेला आला नाही, लेखी उत्तर मिळालं. निदेशकाच्या भागाला 'हे अंशतः खरे आहे', मैदानाच्या भागाला तपासणी करून आवश्यक कार्यवाही करण्यात येईल, असं उत्तर. त्या रात्री सातवीच्या, आता आठवीत गेलेल्या, मुलीच्या आईने मला फोन केला तेव्हा आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या 'हे अंशतः खरे आहे' या चार शब्दांबद्दल बोलत होतो.

त्यानंतर काय झालं

लगेच काही झालं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय आला, मुलांच्या झोपेचा विचार करून. चांगला निर्णय होता, पण सकाळ-दुपार पाळ्यांच्या शाळांचं वेळापत्रक पुन्हा मांडावं लागलं आणि शाळेशाळेतून पी.टी.चा तास कुठे सरकवायचा ही चर्चा माझ्या कानावर येऊ लागली. १५ मार्चला संच मान्यतेचे नवे निकष आले. दुसऱ्याच दिवशी लोकसभेची आचारसंहिता लागली. तपासणीबद्दल विचारलं की आचारसंहितेकडे बोट दाखवलं जाई.

तपासणी झाली ती जुलैमध्ये. तपासायला आलेल्या अधिकारी बाईंनी मैदानावर उभं राहून खिळे वेचले आणि अहवालात संख्या लिहिली. संस्थेच्या कार्यकारिणीला त्या अहवालाने जाग आली. आणि इथे आम्ही दोन वर्षांपूर्वी कमकुवत म्हणून सोडून दिलेली शाळा व्यवस्थापन समिती कामाला आली. समितीच्या बैठकीत तडजोड ठरली : मैदान फक्त दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत भाड्याने जाईल, ते पैसे वेगळ्या खात्यात राहतील आणि त्यांतून अंशकालीन निदेशकाचं मानधन दिलं जाईल. गाड्या बाहेर लागतील. आठवड्यातले पी.टी.चे दोन तास दुसऱ्या विषयाला द्यायचे असतील तर मुख्याध्यापक कारण नोंदवहीत लिहितील. ठराव इतिवृत्तात आला.

ऑगस्ट २०२४ पासून एक तरुण, बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालेली मुलगी तिथे शिकवते. मुलींचं स्वच्छतागृह तिच्या तासाला उघडं असतं, कारण किल्ली तिच्याकडे असते. मैदानी तासाला बाजूला बसणाऱ्या मुलींची संख्या कमी झाली, असं ती सांगते. त्यामागचं कारण एवढं साधं असेल हे आमच्या नऊ मागण्यांच्या निवेदनातही नीट लिहिलेलं नव्हतं.

शासनाकडून निदेशक मात्र आलेला नाही. एका शाळेचा प्रश्न सुटला, पण संस्थेच्या पैशाने. कायद्याने जी जबाबदारी शासनावर टाकली आहे ती लग्नाच्या मंडपाच्या भाड्यातून भागवली जाते आहे, याचं मला समाधान नाही. शेजारच्या ज्या शाळेकडे भाड्याने द्यायला मैदानच नाही, तिने काय करायचं?

वेगळं काय करता आलं असतं

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव पहिल्या महिन्यात घ्यायला हवा होता. ठराव हातात असता तर आमदारांसमोर आम्ही अकरा पालक म्हणून नव्हे, शाळेची वैधानिक समिती म्हणून बसलो असतो आणि त्यांच्या सहायकांच्या प्रश्नाला एक उत्तर असतं.

खुल्या व्यायामशाळेला नकार द्यायची गरज नव्हती, पण त्याच वेळी लेखी पत्र द्यायला हवं होतं : साधनांबद्दल आभार, मूळ मागणी शिक्षकाची आहे आणि ती कायम आहे. पत्रावर आवक क्रमांक घेतला असता तर पुढचं वर्ष वाचलं असतं.

याचिकेबाबत मी अजून साशंक आहे. एका पालकाच्या नावाने नको, पण शिक्षण क्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या नावाने, पुण्यातल्या अनेक शाळांच्या संच मान्यतेचे कागद एकत्र लावून ती करता आली असती, असं वकील पालक आजही म्हणतात. त्यांचं म्हणणं मला आता अधिक पटतं. एका शाळेचा प्रश्न विचारला म्हणून उत्तर मिळालं हे खरं, पण त्यामुळेच ते उत्तर एका शाळेपुरतं राहिलं.

मुलांच्या वह्यांबद्दल वर लिहिलंच आहे. त्या बाबतीत 'असं करता आलं असतं' असा पर्याय नाही. ते करायचंच नव्हतं.

सध्याची स्थिती अशी. निदेशिकेची नेमणूक दरवर्षी मार्चअखेर संपते आणि जूनमध्ये नव्याने करावी लागते, म्हणून समितीच्या एप्रिलच्या बैठकीचा विषय आम्ही आताच लिहून दिला आहे. दिलेल्या आश्वासनाचं काय झालं, हे विचारणारं पत्र आम्ही परिषदेच्या सदस्यांमार्फत विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे पाठवलं आहे. त्याला जोडलेल्या कागदांत तपासणीचा अहवाल आहे, चालू वर्षाची संच मान्यता आहे आणि निदेशकाच्या रकान्यापुढची रिकामी जागा लाल पेनाने गोल केलेली आहे.